फुलीच्या जागी सही

मी एका पतसंस्थेत कर्जखात्याला बसतो. पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवलेला अर्ज दिवसभर माणसांपुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "फुली असेल तिथं सही करा." बावीस वर्षांत वाचून सही करणारे मोजून चार-पाच भेटले असतील. खरं सांगायचं तर तसा कोणी आला की मागची रांग वैतागते आणि मीही वैतागतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात एक सही माझीही आहे.

जून 2024 मध्ये आईच्या पोटात दुखायला लागलं. बेंबीच्या वर सुरू होऊन थेट पाठीत जाणारी कळ, जोडीला ओकाऱ्या. आईचं वय 67, मधुमेह वीस वर्षांचा, मेटफॉर्मिन रोजचं. रत्नागिरीतल्या आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पण पोटात गॅस इतका की स्वादुपिंड दिसेना. त्यांनी दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, संध्याकाळी रक्त काढून घेतलं आणि कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून डाय सोडून काढायचं स्कॅन, करून घ्या म्हणाले. बहीण कोल्हापुरात असते, पोटाचे डॉक्टर तिच्या ओळखीचे, म्हणून सीटीही तिथंच करायचं ठरलं. तिनं सेंटरला फोन केला तर पलीकडून सांगितलं, "रात्री बारानंतर पोटात काही नको. पाणीसुद्धा नको." आधीच दोन दिवस ओकून कोरडी पडलेली बाई. आम्ही तिला पाण्याचा घोटही दिला नाही. सांगितलं ते पाळायचं, एवढंच आम्हाला कळत होतं.

पहाटे पाचला निघालो. साखरप्याच्या पुढं आंबा घाटात धुकं, पाऊस, फोनला रेंज नाही. रेंज शोधून शोधून माझ्या फोनची बॅटरी संपली. कोल्हापुरात पोचल्यावर फोन गाडीतच चार्जिंगला लावला आणि आईला धरून आत गेलो.

हा फोन पुढं फार महागात पडला.

काउंटरवर साडेसहा हजार भरले. पावतीसोबत एक कागद आला, सगळा इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेला. मुलगी म्हणाली, "इथं पेशंटची सही, इथं नातेवाइकांची." फुल्या मारलेल्याच होत्या. आईनं आपली नेहमीची सही केली, शेवटचं अक्षर वर चढत जाणारी. तिच्याखाली मी केली. आत नेताना अटेंडंटनं एकच प्रश्न विचारला, "आजी, ॲलर्जी कशाची? मासे, कोळंबी चालतं ना?"

तेवढ्या दुखण्यातही आईला तो प्रश्न लागला. "कोळंबी चालते ना म्हणजे? सोमवार-गुरुवार सोडला तर मी दुसरं खाते काय?"

पुढं किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो प्रश्नच जुनाट आहे. डायमध्ये आयोडीन असतं आणि समुद्रातल्या माशांतही असतं, म्हणून माशाची ॲलर्जी असलेल्याला डाय चालत नाही, असा समज पूर्वी पसरला. प्रत्यक्षात कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनचा तिच्याशी संबंध नाही. आधी कधी डायनं त्रास झाला होता का, दमा आहे का, किडनी कशी आहे, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारायला हवं. आम्हाला विचारलं ते कोळंबीचं.

आता डायबद्दल. आम्ही सगळे डाय म्हणतो, काही जण शाई सोडतात म्हणतात, पण त्याला रंग नसतो. पाण्यासारखं नितळ, किंचित दाट. क्ष-किरण आयोडीनमधून सहज पार जात नाहीत, त्यामुळे रक्तात आयोडीन मिसळलं की रक्तवाहिन्या आणि अवयव फोटोत उजळून निघतात. आईला 80 मिलि दिलं. हातानं दिलेलं नाही, मशीनच्या पिचकारीनं, सेकंदाला 3 मिलि या वेगानं. कॅथेटर शिरेतून निसटलेलं असेल तर हेच औषध त्या वेगानं कातडीखाली साठतं आणि हात फुगतो. तेवढं आमच्या वाट्याला आलं नाही.

बाहेर आली तेव्हा आई रडवेली होती. माझ्याशी बोलेना. बहिणीला बाजूला घेऊन तिच्या कानात काहीतरी म्हणाली. बहिणीनं तिला बाथरूममध्ये नेलं, परत आणलं आणि मला हळूच सांगितलं, "तिला वाटलं तिनं आत मशीनवर लघवी केली. काही झालेलं नाही, कपडे कोरडे आहेत." गाडीत बसल्यावर आई स्वतःहून बोलली. अंगातून कोणीतरी गरम पेज ओतत नेल्यासारखं झालं, घशापासून सुरू होऊन ओटीपोटापर्यंत. आणि तोंडात तांब्याची चव, न घासलेलं भांडं चाटावं तशी. ही दोन्ही लक्षणं अगदी नेहमीची आहेत आणि मिनिटभरात जातात, हे मला तिसऱ्या दिवशी एका सिस्टरनं सांगितलं. आईला मात्र त्या बोगद्यात एकटीला वाटत राहिलं की आपण पुरुषमाणसांसमोर लघवी केली.

फोन चालू केला. रत्नागिरीच्या लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आलेला होता, वेळ 11:40. क्रिएटिनिन 2.1. आत बोलावलं होतं 11:55 ला.

तेव्हा मला त्या आकड्याचा अर्थ कळला नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात 1.3 होता एवढं आठवत होतं. पॉइंटमध्ये काय फरक पडतो, असं वाटलं. आज विचाराल तर सांगेन: क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायची रक्तातली घाण, आकडा वाढला की किडनी मंदावली. 67 वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन 1.3 म्हणजे किडनीच्या गाळणीचा वेग, ज्याला ईजीएफआर म्हणतात, साधारण 45. तेच 2.1 झालं की 25. आणि 30 च्या खाली गेलात की डाय देण्याआधी दोनदा विचार करायचा, सलाइन चढवायचं, मेटफॉर्मिन थांबवायचं आणि पुढचे दोन दिवस बंद ठेवायचं, किडनी तपासूनच पुन्हा सुरू करायचं. आम्ही त्या रात्री मेटफॉर्मिन नेहमीसारखं दिलं. जेवणानंतर, आठवणीनं.

सीटीत स्वादुपिंडाला सूज निघाली, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस, फार नाही. दुसऱ्या दिवशी आईची लघवी जवळजवळ थांबली. तिसऱ्या दिवशी धाप लागली. बहिणीनं ज्या हॉस्पिटलात नेलं तिथं क्रिएटिनिन 3.8 निघालं, पुढं 4.6 वर गेलं, पोटॅशियम 6.4. मानेत नळी घालून दोनदा डायलिसिस केलं. दहा दिवसांनी सोडलं तेव्हा आकडा 1.7 वर आला होता, तो तिथंच थांबलाय. बिल झालं 1 लाख 86 हजार.

किडनीच्या डॉक्टरांना मी सरळच विचारलं, "डायनं झालं ना हे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या आई दोन दिवस ओकत होत्या, पाणी बंद होतं. पॅन्क्रियाटायटिसनं एकट्यानंही किडनी बसू शकते. डायक्लोफेनॅक घेतलेलं. वरून डाय. आता यात कोणाच्या नावावर किती टक्के लिहू?" मग त्यांनीच समजावलं. डायनंतर क्रिएटिनिन वाढलं की पूर्वी सगळं डायच्या माथी मारायचे. आता तेवढ्या खात्रीनं कोणी म्हणत नाही, कारण ज्यांना डाय दिलेलंच नाही अशा आजारी माणसांचंही क्रिएटिनिन तसंच वाढताना दिसलंय. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी आणि किडनीवाल्यांच्या संस्थांनी 2020 मध्ये एकत्र बसून तेच म्हटलं, की धोका वाटत होता त्यापेक्षा कमी आहे. पण त्याच कागदात हेही आहे की ईजीएफआर 30 च्या खाली असेल किंवा किडनी नुकतीच बिघडत चाललेली असेल तर काळजी घ्या, सलाइन द्या. "तुमच्या आई दोन्हींत बसत होत्या. डाय द्यावंच लागलं असतं कदाचित. पण चार-सहा तास सलाइन चढवून दिलं असतं. आणि ते पाणी बंद ठेवायची तर गरजच नव्हती."

मला राग हवा होता आणि तो माणूस मला हिशेब देत होता.

घरी आल्यावर राग पुरवणारे पुष्कळ निघाले. चुलतभाऊ म्हणाला, चार पोरं घेऊन जाऊ, काचा फोडू. मी त्याला गप्प केलं ते तत्त्वानं नव्हे, भीतीनं. हॉस्पिटलांतली मोडतोड आणि मारहाण यासाठी महाराष्ट्रात 2010 चा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय नुकसानभरपाई. आमच्या एका कर्जदाराचा पोरगा त्यात अडकलेला मी पाहिला होता.

मी कागद गोळा करायला लागलो. ते मला जमतं.

सेंटरला फोन केला तर, "रिपोर्ट आणि सीडी दिली की तुम्हाला." मला हवा होता तो सही केलेला फॉर्म, डायचं नाव, बॅच नंबर, किती दिलं त्याची नोंद. "ते आमच्या रेकॉर्डला असतं." मग रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे की रुग्णानं किंवा त्याच्या माणसानं रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यायचं. अर्जात ती ओळ लिहिली. 72 तासांत आलं नाही, नवव्या दिवशी आलं. पण आलं. पोचपावती मी फाइलला पहिल्या पानावर लावली.

झेरॉक्स हातात घेतली आणि तशीच टेबलावर पसरून बसलो. दुसऱ्या पानावर अकरा प्रश्नांची यादी, समोर 'होय' आणि 'नाही'चे चौकोन. अकराही 'नाही'. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच झपाट्यात ओढलेल्या, खाली खाली येताना तिरक्या होत गेलेल्या. मधुमेह: नाही. किडनीचा विकार: नाही. डायबेटिसच्या गोळ्या: नाही. आणि तळाला 'क्रिएटिनिन' लिहून पुढं निळ्या शाईत 1.3. तारखेची जागा मोकळी. तो आकडा आमच्याच जुन्या फाइलमधून उतरवलेला होता. म्हणजे फाइल उघडली होती. त्याच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मधुमेह लिहिलंय.

त्याच्याखाली आईची सही. तिच्याखाली माझी.

त्या रात्री झोप आली नाही. आईपेक्षा माझ्या कर्जदारांचे चेहरे जास्त आठवत होते, हे लिहायला लाज वाटते.

झेरॉक्सवर डायचं नाव होतं. ओळखीच्या केमिस्टकडून त्याच औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक मिळवलं. रस्त्याच्या नकाशासारखी घडी, उलगडली तर टेबलाच्या बाहेर जाईल एवढा कागद, मुंगीएवढी अक्षरं. भिंग घेऊन वाचला. किडनी कमजोर असलेल्यांत धोका: लिहिलंय. शरीरात पाणी कमी असताना देऊ नका: लिहिलंय. मेटफॉर्मिन: लिहिलंय. गरम वाटेल, तोंडाला धातूची चव येईल: तेही लिहिलंय. आईला जे जे झालं आणि जे जे सांगायला हवं होतं ते सगळं त्या कागदावर होतं. कंपनीनं छापलं, खोक्यात घातलं, खोकं सीटीच्या खोलीपर्यंत गेलं आणि बाटली काढून घेतल्यावर कागदासकट कचऱ्याच्या डब्यात गेलं असणार.

हे मी आमच्या वकीलबाईंना मोठा शोध लावल्यासारखं दाखवलं. त्या म्हणाल्या, "झालं तर मग. कंपनीला विसरा." 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू बनवणाऱ्याच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. दोष असेल, इशारा पुरेसा दिला नसेल, तर कंपनीवर दावा लागतो. पण औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायचं असेल आणि कंपनीनं त्या तज्ज्ञापर्यंत इशारा पोचवला असेल, तर ती सुटते. तुमच्या हातातला कागद हा कंपनीचा बचाव आहे, म्हणाल्या.

अमेरिकेत याच्या उलट बाजूची गोष्ट घडलेली आहे, ती मी त्या दिवसांत वाचली. एमआरआयला जे डाय देतात ते आयोडीनचं नसतं, गॅडोलिनियम नावाच्या धातूचं असतं. 1997 पासून तिथल्या काही डायलिसिसच्या रुग्णांची कातडी दगडासारखी कडक होत गेली, सांधे आखडले. कारण सापडेना. 2006 मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी त्याचा धागा गॅडोलिनियमला जोडून दाखवला आणि 2007 मध्ये अमेरिकी सरकारनं त्या डायच्या लेबलवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. शेकडो दावे पडले. बहुतेक कंपन्यांनी बाहेरच मिटवले, ओहायोमध्ये 2013 ला एक ज्युरीसमोर चालला आणि रुग्णाला 50 लाख डॉलर मिळाले. तिथं मुद्दा होता की कंपनीनं सांगितलं नाही. आमच्याकडे कंपनीनं सांगितलेलं, पुढं कोणी उचललं नाही.

बाईंनी बाकीचे रस्तेही एकेक करून मांडले. पोलिसांत जायचं तर निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं कलम, जून 2024 ची घटना म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं 338. "पण सुप्रीम कोर्टानं 2005 मध्येच सांगून ठेवलंय, डॉक्टरवर फौजदारी लावायची तर घोर निष्काळजीपणा हवा, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. यात तो नाही. आईंना डायलिसिसला नेलं म्हणून कोणाला तुरुंगात नाही टाकता येत." महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, ती नोंदणीवर कारवाई करू शकते, पैसे देववत नाही. उरलं ग्राहक आयोग.

माझी समजूत होती की नव्या कायद्यातून डॉक्टर सुटले. त्यांनी हसून हात हलवला. विधेयकात आरोग्यसेवा हा शब्द होता, कायद्यात आला नाही, म्हणून तसा दावा झाला होता. मुंबई हायकोर्टानं 2021 मध्ये तो फेटाळला, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानंही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून चालत आलंय. मग खुर्चीत मागं रेलून म्हणाल्या, "वकील मात्र येत नाहीत बरं का. मे महिन्यातच निकाल लागलाय. माझ्यावर केस करायची असेल तर दुसरं कोर्ट शोधा." त्या दिवसात तेवढं एकच हसू आलं.

दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या नसत्या तर मी कोल्हापूरला फेऱ्या मारत बसलो असतो. पहिली, आता तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे रत्नागिरीतच. दुसरी, फी तुम्ही मागता त्या भरपाईवर नसते, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर असते, आणि ते 5 लाखांपर्यंत असतील तर फी शून्य. आम्ही मोजले होते साडेसहा हजार. मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, पण मी लावला. आपल्या कामात आपणच शहाणे, दुसऱ्याच्या नको.

तक्रारीत काय लिहायचं यावर आमचं वाजलं. मला लिहायचं होतं, डायनं किडनी गेली. बाई म्हणाल्या, ते लिहिलंत की पहिल्याच तारखेला पॅन्क्रियाटायटिस पुढं करून तुम्हाला आडवं करतील. "तुमची तक्रार डायची नाहीये. विचारलं नाही आणि सांगितलं नाही, ही आहे." 2008 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं संमती म्हणजे काय ते सांगितलंय: काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे कळल्यावर दिलेली ती संमती. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही म्हणजे नुसती सही. मी ऐकून घेत होतो आणि माझ्या टेबलावरच्या फुल्या डोळ्यांपुढं येत होत्या.

किडनीच्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा हा शब्द लिहून द्यायला नकार दिला. मी रागावलो नाही. त्यांनी तारीख, वेळ आणि आकडे तेवढे लिहून दिले, आणि आणखी एक गोष्ट केली जी मी मागितलीही नव्हती. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी देशभराची एक योजना आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते. तिचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला. रुग्ण किंवा नातेवाईकही भरू शकतात, 1800-180-3024 या फुकटच्या नंबरवर फोन करून सांगताही येतं. मला वाटलं, त्यातून काय होणार? "कोणाला शिक्षा होणार नाही," ते म्हणाले, "पण मोजलं जाईल."

जानेवारी 2025 मध्ये ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर तक्रार चढवली. कागदांच्या पीडीएफचा आकार कमी करण्यात माझे दोन रविवार गेले. समोरच्यांना उत्तराला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढं एक दिवसही आयोग वाढवून देऊ शकत नाही, हे घटनापीठानं ठरवून टाकलंय. त्यांचं उत्तर 43 व्या दिवशी आलं.

एकोणीस पानं. संमतीपत्र आहे, सही आहे, साक्षीदार म्हणून मुलाची सही आहे. आजाराची माहिती दडवली. आणि परिच्छेद 14: लॅबचा रिपोर्ट स्कॅनच्या पंधरा मिनिटं आधी तक्रारदारांच्या मुलाच्या फोनवर आलेला होता, तो त्यानं दाखवला नाही.

ती वेळ मीच त्यांना दिली होती. तक्रारीसोबत स्क्रीनशॉट मीच जोडला होता, बाईंनी नको म्हटलं असतानाही. आकडा महत्त्वाचा म्हणून जोडला, वरची वेळ दिसणार हे माहीत होतंच. लपवून काय करणार होतो? आईला मी तो परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली, "तू कशाला बघशील फोन? तू माझी पिशवी धरून उभा होतास." एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. मी मात्र फोन आता गाडीत ठेवत नाही.

मध्येच तिला पित्तनलिकेत खडा आहे का बघायला एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचं एमआरआय, सांगितलं. मी वहीत प्रश्न लिहूनच गेलो. टेक्निशियन पोरगा शांत होता. म्हणाला, "याला डाय लागत नाही, काका. पित्ताचं पाणीच आपोआप उजळ दिसतं." मग आईकडे वळून, मी न विचारता, "आजी, आत ठकठक आवाज खूप होईल. घाबरू नका, मशीनचाच आहे. हे बटण हातात धरा, काही वाटलं तर दाबा." वीस सेकंद लागली असतील. खडा निघाला नाही.

कायद्यात लिहिलंय की तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. प्रयत्न हा शब्द बाई बोटांनी अवतरणचिन्हं करून म्हणतात. चौथ्या तारखेला आयोगानं दोघांना विचारलं, मध्यस्थीला जाता का? मी नको म्हणणार होतो. आई म्हणाली जाऊ या.

मध्यस्थांच्या खोलीत लांब टेबल, पंखा, बाहेर पाऊस. सेंटरचे रेडिओलॉजिस्ट स्वतः आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ज्या दिवशी स्कॅन झालं त्या दिवशीही ते आम्हाला दिसले नव्हते, काचेच्या पलीकडे होते. पन्नाशीचे, थकलेले, घाटातून गाडी चालवत आलेले. त्यांनी आधी आईला विचारलं, लघवीला आता नीट होतं ना? सूज येते का पायावर? आईनं उत्तरं दिली. मग वकिलांचं सुरू झालं, आकडे इकडून तिकडे.

आई मध्येच बोलली. "डॉक्टर, मला एक सांगा. ते सोडल्यावर गरम वाटतं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. सगळ्यांनाच वाटतं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

त्यांचे वकील काहीतरी म्हणायला पुढं झाले. डॉक्टरांनी हात किंचित वर केला. "सांगायला हवं होतं," म्हणाले. एवढंच. पुढं काही जोडलं नाही.

मला वाटलं होतं आई किडनीचं विचारेल, डायलिसिसचं विचारेल. तिनं वर्षभर हे धरून ठेवलं होतं.

तडजोड 1 लाख 25 हजारांवर झाली. चूक कबूल नाही, नाव कुठं घ्यायचं नाही. नाव मी तसंही लिहिणार नव्हतो. बहीण म्हणते कमी घेतले. बाई म्हणतात, परिच्छेद 14 असताना वाईट नाही. माझं मत रोज बदलतं.

करारनामा इंग्रजीत होता, पाच पानं. कारकुनानं पेन्सिलीनं फुल्या मारून आणला आणि आईपुढं सरकवला. मी तो ओढून घेतला आणि म्हटलं, वाचून दाखवतो. एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. दोन ठिकाणी तिनं थांबवून पुन्हा विचारलं. तिसऱ्या पानावरचं एक कलम मलाच कळेना, ते मध्यस्थांना विचारलं, त्यांनी समजावलं. पाऊण तास गेला. बाहेर पुढच्या प्रकरणाची माणसं येऊन उभी राहिली, त्यातल्या एकानं दारातून डोकावून घड्याळ पाहिलं. शेवटचं पान झाल्यावर आईनं चष्मा लावला.

"आता सांग, सही कुठं करू?"